पोर्ट सैद: कालव्याच्या गाळावरचं शहर

पहिला दिवस: कैरोहून वाळूच्या पट्टीवर

नाईलचा त्रिभुज प्रदेश पूर्वेला जिथे संपतो, तिथे भूमध्य समुद्र आणि मंझाला सरोवर यांच्यामध्ये वाळूची एक अरुंद पट्टी आहे. 1859 पूर्वी या जागी गाव नव्हतं. प्यायला पाणी नव्हतं, बांधायला दगड नव्हता, लाकूड नव्हतं आणि मोठी बोट किनाऱ्याला लागेल एवढी समुद्राला खोलीही नव्हती. 25 एप्रिल 1859 रोजी सुएझ कालवा खणणाऱ्या कंपनीचा फ्रेंच प्रवर्तक फर्दिनां द लेसेप्स याने त्या कालव्यासाठी इथे पहिली कुदळ मारली आणि इजिप्तचा तेव्हाचा शासक सैद पाशा याचं नाव या जागेला मिळालं. बंदर खोल करताना निघालेला गाळ आणि वाळू बाजूला टाकून भराव घातला आणि त्या भरावावर शहर वसवलं. पोर्ट सैद पाहायला निघताना एवढं डोक्यात ठेवावं. इथला दगड, पाणी, लाकूड, माणसं, सगळं बाहेरून आणलेलं आहे आणि ते कुणी, कसं आणलं हाच या शहराचा इतिहास आहे.

कैरोहून अंतर सुमारे 200 किलोमीटर. बसला साधारण तीन तास लागतात, आगगाडीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. घाई नसेल तर गाडीचा एक फायदा आहे: इस्माइलियाच्या पुढे रूळ कालव्याला समांतर धावतात. पूर्वेकडची खिडकी धरली तर मधूनच वाळूच्या बांधापलीकडे जहाजाचा वरचा भाग सरकताना दिसतो, पाणी मात्र दिसत नाही. वाटेत तपासणी नाके असतात, म्हणून पासपोर्ट सामानात न टाकता अंगावर ठेवावा. भारतीय प्रवाशांनी व्हिसाचं काम निघण्यापूर्वीच उरकावं. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. ड्रोन अजिबात नेऊ नये. परवानगीशिवाय तो देशात आणणंच बेकायदा आहे आणि कालव्याच्या शहरात तो सापडला तर प्रकरण तिथल्या तिथे मिटत नाही.

मुक्काम फलस्तीन रस्त्याच्या आसपास घ्यावा. हा रस्ता थेट कालव्याच्या काठाने जातो. खोली घेताना कालव्याची बाजू मागून घ्यावी. ‘समुद्र दिसतो’ असं सांगितलेली खोली बहुधा उत्तरेच्या चौपाटीवर उघडते आणि तिथून जहाजांचा ताफा दिसत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल हवा चांगली असते, पण हिवाळ्यात वायव्येचा वारा बोचरा असतो आणि पाऊसही पडतो, तेव्हा जाडसर जाकीट हवंच.

दुसरा दिवस: ताफा, दीपगृह आणि लाटा अडवणारी भिंत

गजर पहाटेचा लावावा. दक्षिणेकडे सुएझला जाणारा ताफा पोर्ट सैदहून अंधारातच निघायला लागतो आणि उजाडल्यानंतरही काही वेळ जहाजं येत राहतात. न्याहारी करून दहा-अकराला काठावर येणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त फेरीबोटी येतात. उत्तरेला समुद्राकडे जाणारी मोठी जहाजं तर शहरासमोरून जातच नाहीत. 1980 मध्ये शहराच्या पूर्वेला वेगळा फाटा काढला, तेव्हापासून ती समोरच्या काठावरच्या पोर्ट फुआदच्या पलीकडून परस्पर समुद्रात जातात. फोनवर जहाजांचा माग दाखवणारं एखादं ॲप असेल तर कोणतं जहाज किती वेळात समोर येणार हे आधीच कळतं.

जहाजं इथून जातात तेव्हा वेग अगदी कमी असतो, सुमारे 8 नॉट, म्हणजे ताशी 15 किलोमीटरच्या आसपास. वेग वाढला तर जहाजाच्या दोन्ही अंगांनी पाणी ओढलं जातं, काठ ढासळतात आणि जहाज तळाकडे खेचलं जातं. म्हणूनच प्रत्येक जहाजावर कालवा प्राधिकरणाचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा जाणकार असतो. एकच माणूस शेवटपर्यंत जात नाही: बंदरात शिरताना एक, इस्माइलियापर्यंत दुसरा, तिथून सुएझपर्यंत तिसरा आणि बाहेर पडताना चौथा. रात्रीच्या प्रवासासाठी नाकाडावर प्रखर शोधदिवा लागतो. ही पद्धत 1887 पासूनची. विजेचा शोधदिवा असेल त्यालाच रात्री सोडायचं, असा नियम तेव्हा झाला.

मूळ कालवा 164 किलोमीटर लांब, 8 मीटर खोल आणि तळाशी 22 मीटर रुंद होता. आज लांबी 193 किलोमीटर आणि खोली 24 मीटर आहे. जहाज वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी जलपाशाची दारं कुठेही नाहीत, कारण दोन्ही समुद्र जवळपास एकाच पातळीवर आहेत. हे समजायला मात्र अर्धं शतक लागलं. नेपोलियनबरोबर आलेल्या मोजणीदारांनी 1799 मध्ये लाल समुद्र जवळजवळ 10 मीटर उंच असल्याचा निष्कर्ष काढला होता. लढाईच्या धामधुमीत तुकड्यातुकड्यांनी केलेल्या मोजणीतली ती चूक होती. 1847 च्या नव्या मोजणीत ती उघड झाली आणि मगच सरळ, बिनदाराच्या कालव्याचा विचार शक्य झाला.

ताफा संपला की फलस्तीन रस्त्याच्या उत्तर टोकाला चालत जावं. तिथे एक भलाथोरला रिकामा चौथरा आहे. 17 नोव्हेंबर 1899 पासून त्यावर लेसेप्सचा पुतळा उभा होता, शिल्पकार एमान्युएल फ्रेमिए. डिसेंबर 1956 मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा निघून जाताच लोकांनी तो सुरुंग लावून खाली पाडला. चौथरा तसाच ठेवलाय. पुतळा परत बसवावा की नाही, यावर या शहरात गेली कित्येक वर्षं मनापासून भांडण चालू आहे. आमचं मत विचाराल तर चौथरा रिकामाच बरा. दोन्ही घटना त्याच एका दगडात वाचता येतात.

एक गैरसमज इथेच दूर करावा. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आधी पोर्ट सैदसाठी बनवला होता, असं अनेक मार्गदर्शक सांगतात. शिल्पकार बार्तोल्दीने मशाल हाती घेतलेल्या इजिप्शियन शेतकरी स्त्रीचा आराखडा सैदनंतरचा इजिप्तचा शासक खेदिव इस्माईल याला दाखवला होता हे खरं, पण तो कालव्याच्या दक्षिण तोंडासाठी, म्हणजे सुएझसाठी होता. खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तो कागदावरच राहिला.

चौथऱ्यापासून समुद्रात जाणारी भिंत म्हणजे पश्चिमेकडची लाटारोधक भिंत. या शहरात पाहण्यासारखं सर्वांत महत्त्वाचं बांधकाम आमच्या मते हेच आहे आणि पर्यटक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. किनाऱ्यालगतचा प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि नाईलच्या मुखातला गाळ सोबत आणतो. तो अडवला नाही तर कालव्याचं तोंड बुजणार. म्हणून पश्चिमेची भिंत पूर्वेच्या भिंतीपेक्षा बरीच लांब काढली. दगड आणायचे तर अलेक्झांड्रियाजवळच्या मेक्सच्या खाणीतून समुद्रमार्गे आणावे लागत. ते महागही पडत आणि पुरतही नसत. शेवटी द्युसो बंधूंच्या कंपनीने इथेच ठोकळे ओतायला सुरुवात केली. फ्रान्समधल्या तेइलचा पाण्यात घट्ट होणारा चुना इथल्या वाळूत मिसळून, साच्यात भरून, काही महिने उन्हात वाळवत. एकेक ठोकळा सुमारे 10 घनमीटरचा, 20 टनांहून जड. ते बार्जवर चढवून समुद्रात अस्ताव्यस्त सोडले. अस्ताव्यस्त हे मुद्दाम: फटी राहिल्या की लाटेचा जोर आतच मोडतो, सलग भिंतीवर ती सगळ्या ताकदीने आदळते.

पण अडवलेला गाळ कुठे तरी जाणारच. तो भिंतीच्या पश्चिमेला साठत गेला, किनारा पुढे सरकत गेला आणि शहराला नवी जमीन मिळत गेली. याचा पुरावा म्हणजे जुनं दीपगृह. 1869 मध्ये बांधलं तेव्हा ते जवळजवळ पाण्याच्या काठाशी होतं, आज इमारतींच्या गर्दीत अडकलंय. ते 56 मीटर उंच, अष्टकोनी आणि काँक्रीटचं आहे. अशा पद्धतीने उभारलेलं जगातलं पहिलं दीपगृह म्हणून त्याची नोंद आहे. बांधणारा फ्रांस्वा क्वान्ये. दगड नसलेल्या जागी हे असंच सुचणार! चढून वर जाता येईल असं धरून जाऊ नये. समोरच्या पदपथावरून पाहावं.

दुपारी फलस्तीन रस्त्याने दक्षिणेकडे. सिमोन आर्झ्टच्या जुन्या दुकानाची इमारत वाटेत लागते. पूर्वेकडे निघालेले गोरे प्रवासी इथे उतरून सोला टोपी घेत, परतताना समुद्रात फेकून देत. विलायतेला जाणाऱ्या हिंदी माणसांचीही ही वाट होती. जुलै 1910 मध्ये मार्सेलिसला समुद्रात उडी घेऊन पुन्हा पकडले गेलेले सावरकर ‘मोरिया’ बोटीतून एडनकडे नेले गेले ते याच कालव्यातून. मुंबईसाठी तर कालव्याने सगळंच बदललं. लंडनचं अंतर आफ्रिकेला वळसा घालून केपमार्गे सुमारे 10,700 सागरी मैल होतं, ते सुमारे 6,300 वर आलं. मात्र हा फायदा वाफेच्या बोटींचा होता. लाल समुद्रातले वारे शिडाच्या जहाजांना साथ देत नसत. मुंबईत 1875 मध्ये ससून डॉक आणि 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक झाली ती याच वाढत्या वाहतुकीत.

वाफेच्या बोटीला कोळसा लागतो. वेल्सहून आलेला कोळसा इथे साठवला जाई आणि पोर्ट सैद जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा भरण्याच्या ठाण्यांपैकी एक बनलं. कोळसा टोपल्यांतून, फळीवरून धावत, रात्रंदिवस माणसंच चढवत. 1882 मध्ये या कोळसा कामगारांनी संप केला. इजिप्तच्या कामगार चळवळीचा इतिहास बहुतेक अभ्यासक इथूनच सुरू करतात. त्यांचा पुतळा कुठे नाही.

कालवा प्राधिकरणाची तीन हिरव्या घुमटांची इमारत पाण्याच्या अगदी काठावर आहे, 1895 ची. आत प्रवेश नाही आणि फाटकाशी उभं राहून कॅमेरा रोखू नये. तिचा चांगला फोटो फेरीबोटीवरून, म्हणजे पाण्याच्या बाजूने मिळतो. तरीही शेजारी गणवेशातला कुणी उभा असेल तर आधी विचारावं.

तिसरा दिवस: लाकडी सज्जे, अरब वस्ती, मासे

मूळ आखणीत शहराचे दोन भाग होते. कालव्याकडचा ‘अफ्रंग’ म्हणजे युरोपीय लोकांचा, आणि त्याच्या पश्चिमेला ‘अरब’, मजुरांचा. आधी अफ्रंग भागातल्या गल्ल्या पाहाव्यात. चार-पाच मजली घरं, समोर प्रत्येक मजल्यावर सलग लाकडी सज्जे, खाली खांबांच्या रांगेतून सावलीचा पदपथ. गिरगावातल्या जुन्या चाळीत वावरलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. यातली बरीच घरं मोडकळीला आली आहेत. खाऱ्या दमट हवेत खिळे गंजतात, सांधे सुटतात आणि सज्जा आधी वाकून मग कोसळतो. डागडुजीपेक्षा पाडून टॉवर बांधणं मालकाला परवडतं. सज्ज्याच्या थेट खाली उभं राहून फोटो काढू नये; समोरच्या बाजूने काढावा.

जुम्हुरिया रस्ता ओलांडून पश्चिमेला गेलं की बाजार दाट होतो. 1904 ची अब्बास मशीद याच बाजूला आहे. हा भाग वसवणाऱ्यांनीच कालवा खणला. मंझाला सरोवरातून वाट काढताना तिथले कोळी हातांनी चिखलाचा गोळा उचलत, छातीशी दाबून पाणी पिळून काढत आणि पाठीवरून नेऊन काठावर रचत, म्हणजे तो उन्हात वाळून बांध तयार होई. फावडं अशा पातळ चिखलात निरुपयोगी होतं. पुढे वाळवंटातल्या भागासाठी वेठबिगार आली, महिन्यामहिन्याला सुमारे 20,000 माणसं आलटून पालटून. इस्माईलने 1864 मध्ये ती बंद केली, तेव्हा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या लवादाने वेठबिगार, परत घेतलेल्या जमिनी वगैरे मिळून इजिप्तलाच कंपनीला 8 कोटी 40 लाख फ्रँक भरपाई द्यायला लावली! त्यानंतर बोरेल आणि लावाले यांची वाफेची ड्रेजर यंत्रं आली आणि उरलेलं बरंचसं खोदकाम त्यांनी केलं. पिण्याचं पाणी 1864 मध्ये इस्माइलियाहून लोखंडी नळाने आलं. तोवर ते बोटींतून आणि उंटांवरून यायचं. 17 नोव्हेंबर 1869 ला कालवा खुला झाला. सहाच वर्षांत कर्जात बुडालेल्या इस्माईलने आपले 1,76,602 शेअर ब्रिटनला सुमारे 40 लाख पौंडांना विकले, आणि 1882 मध्ये ब्रिटिश फौज आली.

23 जुलै रस्त्यावरच्या लष्करी संग्रहालयाला दोन तास द्यावेत. जाण्यापूर्वी हॉटेलात विचारून ते उघडं आहे याची खात्री करावी. 26 जुलै 1956 रोजी इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर याने अलेक्झांड्रियातल्या भाषणात कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं आणि त्यात लेसेप्सचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. तो ठरलेला संकेत होता. ते ऐकताच महमूद युनूसच्या माणसांनी कंपनीची कार्यालयं ताब्यात घेतली. सप्टेंबरमध्ये बहुतेक परदेशी पायलट एकदम काम सोडून गेले, तरी इजिप्शियन आणि ग्रीक पायलटांनी कालवा चालू ठेवला. मग ब्रिटन आणि फ्रान्सने हल्ला केला: 5 नोव्हेंबरला ब्रिटिश छत्रीधारी सैनिक गमील विमानतळावर आणि फ्रेंच सैनिक शहराच्या दक्षिणेच्या रसवाला व पोर्ट फुआदला उतरले, 6 तारखेला समुद्रातून फौज आली. सर्वांत मोठी झळ मनाख या गरीब वस्तीला बसली, ती आगीत गेली. 23 डिसेंबर हा तेव्हापासून शहराचा विजयदिन. हुतात्म्यांचा स्तंभ चौकात उभा आहे.

याच किनाऱ्याबाहेर 21 ऑक्टोबर 1967 ला बंदरातल्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी इस्रायलची ‘आइलात’ ही विनाशिका बुडवली. जहाजावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडण्याची ही पहिलीच वेळ. तेच स्टिक्स क्षेपणास्त्र भारतीय नौदलाने डिसेंबर 1971 मध्ये कराचीवर वापरलं. 1967 च्या इस्रायलबरोबरच्या युद्धानंतर कालवा 5 जून 1975 पर्यंत बंद होता आणि पोर्ट सैदच्या बहुतेक कुटुंबांना घरं सोडून त्रिभुज प्रदेशातल्या गावांत राहावं लागलं. परतल्यावर शहराला करमुक्त बाजार मिळाला. त्याची खूण म्हणून बाहेर पडताना रसवाच्या नाक्यावर आजही जकात तपासणी होऊ शकते. नवे कपडे किंवा वस्तू ढिगाने घेतल्या असतील तर पावत्या वर ठेवाव्यात.

जेवण मासळी बाजारात. मासा किलोवर घ्यायचा, तिथेच साफ करून घ्यायचा आणि शेजारच्या भाजणाऱ्याकडे द्यायचा. तो मजुरी वेगळी घेतो. दोघांना एक किलो भरपूर होतो. ‘बूरी’ म्हणजे आपली बोय. ‘सिंगारी’ सांगितलं तर मासा पाठीतून उघडून, वर टोमॅटो, कांदा, मिरची पसरून भट्टीत भाजतात. ‘गंदोफली’ म्हणजे शिंपल्या. त्या वाफवल्यावर उघडल्या नाहीत तर खाऊ नयेत. सोबत कांद्यावर परतलेला तपकिरी ‘सय्यादिया’ भात घ्यावा. भाव आणि मजुरी दोन्ही आधी ठरवावी, वजन आपल्यासमोर करून घ्यावं. शाकाहारी माणसाचं काम ‘फूल’ (शिजवलेला बाकला), ‘तामिया’ (तळलेले वडे) आणि ‘कोशरी’ (भात, मसूर आणि मॅकरोनीचं मिश्रण) यांवर छान भागतं. इथली तामिया हरभऱ्याची नसून बाकल्याच्या डाळीची असते.

संध्याकाळी सिमसिमिया हे इथलं तंतुवाद्य आणि त्यावरची गाणी ऐकायला मिळाली तर ते चुकवू नये. खाली वाडग्यासारखी चामड्याने मढवलेली पेटी, वर दोन दांड्या आणि आडवी काठी, त्यावर तारा. जुन्या वाद्याला पाचच असत. ‘बंबूतिया’ म्हणजे जहाजांना छोट्या होड्या लावून माल विकणारे; त्यांच्या नाचात वल्हवणं, दोर ओढणं, घासाघीस हे सगळं येतं. वेढ्याच्या आणि विस्थापनाच्या वर्षांत ही गाणी कालव्याच्या शहरांची बातमीपत्रंच होती. ‘अल् तंबूरा’ या मंडळाने ती पुन्हा उभी केली. कार्यक्रमाची जागा आणि वार बदलत असतो, म्हणून कहव्यात, म्हणजे कॉफीच्या दुकानात विचारणं हाच उपाय. तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

चौथा दिवस: पोर्ट फुआद, मग इस्माइलिया

फेरीबोट फुकट आहे. आफ्रिकेतून आशियात जायला दहाएक मिनिटं लागतात. मध्ये जहाज येत असेल तर बोट थांबते. गाड्या खाली, माणसं वर. पलीकडे उतरताच मोठी मशीद दिसते. 1926 मध्ये वसवलेलं पोर्ट फुआद म्हणजे कंपनीच्या नोकरांची वसाहत: बागा, लाल कौलं, रुंद रस्ते. तासाभरात फिरून होतं. पुढे मिठागरांचे पांढरे ढीग आहेत, ते टॅक्सीने पाहावेत, पण भर उन्हात नाही.

परत येऊन इस्माइलियाची बस घ्यावी, सुमारे 80 किलोमीटर. 1863 चं हे शहर कालव्याचं प्रशासकीय केंद्र. गोड्या पाण्याचा कालवा नाईलकडून इथवर आला म्हणून इथे झाडं आहेत. लेसेप्सचा पाडलेला पुतळा 2020 मध्ये इथल्या कालव्याच्या संग्रहालयात आणला गेला. पोर्ट सैदचा चौथरा पाहून आलेल्यांनी तो पाहायलाच हवा.

पाचवा दिवस: विमानापूर्वी कैरोत

सुएझच्या तोंडाशी पोर्ट तौफीकला पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये मरण पावलेल्या सुमारे 4,000 हिंदी सैनिकांचं स्मारक 1926 मध्ये उभारलं होतं. 1967 नंतरच्या लढायांत ते उद्ध्वस्त झालं. त्यांची नावं आता कैरोच्या हेलिओपोलिस युद्ध दफनभूमीत आहेत. हा भाग विमानतळाच्या बाजूलाच येतो, त्यामुळे दुपारचं किंवा रात्रीचं विमान असेल तर सकाळी जाता येतं. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत कुणी त्या युद्धात गेल्याची आठवण आहे, त्यांनी निघण्यापूर्वी राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीच्या नावाने शोध घ्यावा आणि शिलालेखाचा क्रमांक लिहून न्यावा. नावांचं स्पेलिंग भरतीच्या कारकुनाने ऐकलं तसं केलेलं असतं, म्हणून गावाचं आणि वडिलांचं नावही ताडून पाहावं.